गुडघाभर पाणी : डच प्रजासत्ताकातला १६७२ चा एक निर्णय

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं बदलायची रीत आहे. इथे ती पाळलेली नाही, कारण साडेतीनशे वर्षांनंतर कुणाची अब्रू जायची राहिलेली नाही. पडद्याआड राहिले आहेत ते शेतकरी, ज्यांची शेतं या प्रकरणात बुडाली. त्यांना मात्र कुणी मुद्दाम झाकलेलं नाही.

शत्रू दारात आल्यावर आपलीच जमीन पाण्याखाली घालायची, ही युक्ती डचांना शंभर वर्षं ठाऊक होती. तरीही १६७२ च्या जूनमध्ये पाणी सोडलं गेलं ते अगदी शेवटच्या घटकेला. मला या प्रकरणात त्या उशिरातच रस आहे. आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणतात म्हणतात, पण इथे विहीर भरलेली होती आणि दोर कुणी सोडायचा यावर खल चालला होता.

पार्श्वभूमी

आपल्या जुन्या कागदांत ज्यांना 'वलंदेज' म्हटलंय, ज्यांची वेंगुर्ल्याला वखार होती, त्यांचं हे मूळ राज्य. स्पेनच्या राजाविरुद्ध उठलेले उत्तरेकडचे प्रांत १५७९ मध्ये उट्रेख्टच्या कराराने एकत्र आले, १५८१ मध्ये त्यांनी राजाला रीतसर सोडचिठ्ठी दिली आणि १६४८ मध्ये मुन्स्टरच्या तहात स्पेनने त्यांचं स्वातंत्र्य मान्य केलं. प्रांत सात : हॉलंड, झीलंड, उट्रेख्ट, गेल्डरलंड, ओवरआयसेल, फ्रीसलंड आणि ग्रोनिंगन.

द हेगला सातांची सभा भरे. प्रत्येक प्रांताला एक मत. खर्चाचा वाटा मात्र सारखा नव्हता. सामायिक तिजोरीतल्या दर १०० गिल्डरपैकी सुमारे ५८ एकटा हॉलंड भरायचा. हॉलंडच्या स्वतःच्या सभेत १९ मतं : १८ शहरांची १८ आणि सरदारवर्गाचं एक. शहराचा प्रतिनिधी मोठ्या प्रश्नावर तिथल्या तिथे हो म्हणू शकत नसे. 'आमच्या नगरसभेला विचारून सांगतो' म्हणून तो परत जाई. शांततेच्या काळात ही पद्धत वाईट नव्हती. कुणा एकाच्या लहरीवर राज्य चालत नव्हतं.

लष्कराचा प्रश्न नाजूक होता. प्रांतांचे स्टाडहाउडर, म्हणजे मुख्य कारभारी आणि बहुधा सेनापतीही, ऑरेंज घराण्यातून येत. १६५० मध्ये दुसऱ्या विल्यमने फौज घेऊन अॅमस्टरडॅमवर चाल केली. ती फसली, त्याच वर्षी तो देवीच्या रोगाने गेला आणि त्यानंतर आठवडाभराने त्याचा मुलगा, तिसरा विल्यम, जन्मला. हॉलंडमधल्या शहरी कारभाऱ्यांनी धडा घेतला : स्टाडहाउडर नकोच. १६५३ पासून राज्याची सूत्रं योहान दे विट या वकिलाकडे आली. पद हॉलंड प्रांताच्या राड-पेन्शनारिसचं, म्हणजे प्रांतसभेच्या मुख्य सल्लागाराचं, वय २७. माणूस गणिती होता. १६७१ मध्ये त्याने तहहयात वर्षासनाची किंमत कशी काढावी यावर आयुर्मानाच्या संभवांवरून हिशेब मांडून अहवाल दिला. धोक्याचं गणित युरोपात त्याच्याइतकं थोड्यांनाच कळत होतं.

त्याने आरमारावर पैसा ओतला आणि ते फळलंही. १६६७ मध्ये डच जहाजं मेडवे नदीत घुसली आणि इंग्रजांचं 'रॉयल चार्ल्स' हे मोठं जहाज ओढून घेऊन आली. भूदल मात्र उपाशी राहिलं. मोठी फौज म्हणजे सेनापती, आणि सेनापती म्हणजे पुन्हा ऑरेंज घराणं, ही भीती त्यामागे होती. सीमेवरच्या किल्ल्यांचे तट ढासळत होते.

आता पाण्याबद्दल. हॉलंडमधली पुष्कळशी जमीन नदीच्या पातळीखाली आहे. बांध घालायचा, आतलं पाणी पवनचक्क्यांनी रात्रंदिवस उपसायचं, मग त्या पोल्डरमध्ये गवत उगवतं आणि गायी चरतात. चक्क्या थांबवल्या, झडपा उघडल्या की जमीन पाण्याची. १५७४ मध्ये लायडनला स्पॅनिश वेढा पडला तेव्हा बांध फोडून शेतांवरून होड्या नेऊन शहर सोडवलं होतं. १६२९ मध्येही शत्रू आत घुसल्यावर पाण्याची फळी उभारायची तयारी झाली होती. म्हणजे कल्पना नवी नव्हती.

अडचण

१६६८ मध्ये दे विटने इंग्लंड आणि स्वीडनशी तिहेरी मैत्री करून फ्रान्सला अडवलं. चौदाव्या लुईला ते झोंबलं. १६७० मध्ये त्याने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी डोव्हरला गुप्त करार केला. दे विटला शेवटपर्यंत वाटत राहिलं की इंग्लंड आपलं हित पाहील आणि फ्रान्सला जाऊन मिळणार नाही. हिशेब बरोबर होता, फक्त चार्ल्स त्या हिशेबाने चालत नव्हता.

फेब्रुवारी १६७२ मध्ये, म्हणजे इकडे साल्हेरची लढाई झाली त्याच महिन्यात, द हेगमध्ये २१ वर्षांच्या विल्यमला सेनापती नेमलं गेलं. पण फक्त एका मोहिमेपुरतं, आणि सोबत लक्ष ठेवायला सभेचे प्रतिनिधी. मार्चमध्ये इंग्रजांनी युद्ध न पुकारताच डच व्यापारी ताफ्यावर हल्ला केला. एप्रिलमध्ये इंग्लंड आणि फ्रान्स दोघांनी युद्ध जाहीर केलं. पूर्वेकडून मुन्स्टरचा आणि कोलोनचा बिशपही त्यांच्याबरोबर उतरले.

फ्रेंचांची फौज सव्वा लाखाच्या घरात. जूनच्या पहिल्या आठवड्यात ऱ्हाईनकाठची डच ठाणी एकामागून एक पडली. भरवसा आयसेल नदीच्या फळीवर होता, पण त्या वर्षी वसंतात पाऊसच कमी झाला होता आणि नद्या उतरल्या होत्या. १२ जूनला फ्रेंच घोडेस्वार लोबिथजवळ ऱ्हाईन ओलांडून आले. आयसेलवरची फौज आता मागूनही कापली जाणार होती.

याच काळासाठी डच भाषेत तीन यमकी शब्दांचं वचन रूढ आहे : लोक रेडेलोस, सरकार राडेलोस, देश रेड्डेलोस. लोकांचं भान सुटलेलं, सरकारला उपाय सुचेनासा, देश हातचा गेलेला. अॅमस्टरडॅमच्या पेढीवर, विसलबँकेवर, ठेवीदारांची झुंबड उडाली. पेढीने मागेल त्याला नाणं मोजून दिलं. त्यात काही नाणी काळवंडलेली निघाली म्हणतात. वीस वर्षांपूर्वी जुन्या नगरभवनाला आग लागली तेव्हाची ती, तेव्हापासून जागची हललेलीच नव्हती. काळं नाणं हातात पडलं आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. त्या महिन्यात प्रजासत्ताकातली एवढी एकच संस्था ठरल्याप्रमाणे वागली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय आयसेलवर लढण्याचा. तो दोन-तीन दिवसांतच निकालात निघाला. फौज बरीचशी किल्ल्यांत विखुरलेली होती. विल्यम जेमतेम नऊ हजारांच्या आसपास माणसं घेऊन मागे सरला.

दुसरा, उट्रेख्ट शहर लढवायचं. त्यासाठी तटाबाहेरची उपनगरं पाडावी लागणार होती, नाहीतर शत्रूला आयता आडोसा मिळाला असता. नागरिक तयार होईनात. आपली घरं पाडून वर फौज शहर सोडून गेली तर? शंका खोटी नव्हती. फौज अखेर गेलीच, आणि २३ जूनला फ्रेंच उट्रेख्टमध्ये शिरले. तीन प्रांत, गेल्डरलंड, ओवरआयसेल आणि उट्रेख्ट, महिन्याभरात हातचे गेले.

तिसरा, तह. हॉलंडच्या सभेतल्या बहुतेक शहरांना हाच शहाणपणा वाटत होता. पीटर दे ग्रोट लुईकडे गेला. देऊ केलं ते थोडं नव्हतं : मास्त्रिख्त, दक्षिणेकडचा सामायिक मुलूख आणि एक कोटी गिल्डर. लुईच्या परराष्ट्रमंत्र्याला, पोंपोनला, हे पुरेसं वाटत होतं. युद्धमंत्री लूव्हवाला नव्हतं. उलट मागणी आली : रक्कम १ कोटी ६० लाख, आणखी मुलूख, कॅथलिकांना उघड पूजेची मुभा, आणि शिवाय दरवर्षी वकील पाठवून राजाला सोन्याचं पदक अर्पण करायचं, त्याने कृपा करून देश परत दिला म्हणून. ते पदक फार महागात पडलं. पैशावर घासाघीस झाली असती, पण दरवर्षीच्या त्या मुजऱ्याने तहाच्या बाजूची माणसंही गप्प झाली. बोलणी करायलाच अॅमस्टरडॅमचा आधीपासून विरोध होता.

चौथा पर्याय पाण्याचा. त्यात फळी कुठून न्यायची यातच निम्मा निकाल होता. ठरलेली रेघ माउडनपासून बोदेग्राव्हन, स्खोनहोवन करत खोरिंखमला जाते. तिच्या पश्चिमेला हॉलंडची श्रीमंत शहरं. पूर्वेला उट्रेख्ट, म्हणजे ज्या करारावर प्रजासत्ताक उभं होतं त्या कराराचं शहर. रेघ ओढली त्या क्षणी ते परकं झालं.

निर्णय आणि अंमल

जूनच्या सुरुवातीला तयारीचे हुकूम निघाले होते. मात्र हुकूम निघणं आणि झडप उचलली जाणं यांत बरंच अंतर होतं. झडपा आणि बांध स्थानिक पाणी-मंडळांच्या ताब्यात, आणि मंडळांवर बसलेले जमीनमालक. बांध जपणं हाच त्यांचा धर्म. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी बांधाला उंदराचं बीळ पडू दिलं नाही, त्यांना आता द हेगचा कागद सांगत होता की तोच फोडा.

गौडा, स्खोनहोवन आणि खोरिंखमच्या भागात शेतकऱ्यांनी हरकत घेतली. काहींनी कामात अडथळे आणले, फोडलेल्या जागा परत बुजवायला धावले. सैनिकांचे पहारे बसवावे लागले. गौडा शहरही चालढकल करत होतं. भरपाईचं कुणी काही ठरवलेलं नव्हतं. महिना जूनचा, गवताचा हंगाम, गायी कुरणात. त्या माणसाच्या जागी उभं राहून पाहिलं तर फ्रेंच येतील की नाही ही शंका होती, पाणी येणार हे नक्की होतं. शिवाय माउडनकडून येणार होतं ते झाउडरझे खाडीचं खारट पाणी, म्हणजे पाणी ओसरल्यावरही जमिनीचं दुखणं राहणार.

निसर्गही आडवा आला. ज्या दुष्काळाने फ्रेंचांना नदी ओलांडू दिली, त्यानेच पोल्डर भरायला वेळ लावला. उतरलेल्या नद्यांमधून पाणी आत चढेना.

सगळ्यात थोडक्यात वाचलं ते माउडन. फेख्त नदी जिथे खाडीला मिळते तिथल्या झडपा या गावात. अॅमस्टरडॅम इथून पंधरा किलोमीटरच्या आत. २० जूनला फ्रेंचांनी शेजारचं नार्डेन न लढता घेतलं आणि त्यांचे थोडे स्वार माउडनपर्यंत पोहोचलेही. त्यांच्या पाठीशी पुरेशी माणसं असती तर झडपा फ्रेंचांच्या हातात गेल्या असत्या. तेवढ्यात योहान माउरिट्स हा ६८ वर्षांचा, कधीकाळी ब्राझीलमधल्या डच मुलुखाचा गव्हर्नर राहिलेला सेनानी माणसं घेऊन आला आणि गाव सावरलं. या प्रकरणात 'धोरण' म्हणून जे काही सांगितलं जातं त्यातला बराच भाग त्या एका दिवसाच्या फरकावर उभा आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाणी पसरलं. सरासरी गुडघाभर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण यंत्रणा तिथेच आहे. होडीला कमी, तोफगाड्याला जास्त. आणि पायी चालणाऱ्याला खाली शेत कुठे संपतं आणि माणूसभर खोल चर कुठे सुरू होतो हे दिसत नाही. पाण्यावर राहिले ते बांधांवरचे अरुंद रस्ते आणि नद्यांचे मार्ग. तिथे मोर्चे बांधले, तोफा चढवल्या, सपाट बुडाच्या तोफनौका आणल्या. समुद्रावर डच आरमारप्रमुख दे राउटरने ७ जूनला सोलबेच्या लढाईत इंग्रज-फ्रेंच आरमाराला जबर तडाखा दिला होता, त्यामुळे किनाऱ्यावर फौज उतरायचा धोका तूर्त टळला होता.

लुईनेही मदत केली, नकळत. जिंकलेल्या किल्ल्यांत फौज वाटून टाकली, हजारो डच कैदी किरकोळ खंडणीवर सोडले आणि शरणागतीचा कागद येईल म्हणून वाट पाहत बसला.

माणसं बदलण्याचा निर्णयही याच आठवड्यांतला. जून अखेरीस विल्यमला स्टाडहाउडर करा म्हणून डोर्ड्रेख्टला दंगा उसळला आणि शहरामागून शहर वाकलं. ४ जुलैला हॉलंडने विल्यमला स्टाडहाउडर केलं. इंग्रज वकिलांनी येऊन त्याला सुचवलं की तह कर, उरलेल्या हॉलंडचा राजा हो. त्याने नकार दिला. २१ जूनला द हेगमध्ये झालेल्या खुनी हल्ल्यात जखमी झालेल्या दे विटने ४ ऑगस्टला राजीनामा दिला.

२० ऑगस्टची घटना मी थोडक्यातच सांगतो. योहान दे विटचा भाऊ कॉर्नेलिस विल्यमच्या खुनाच्या कटाचा आरोप घेऊन द हेगच्या तुरुंगात होता. छळ करूनही कबुली मिळाली नाही, हद्दपारीची शिक्षा झाली आणि त्याला न्यायला योहान आत गेला. बाहेर जमाव. जमावाला रोखून धरलं होतं ते काउंट टिलीच्या घोडेस्वारांनी. इतक्यात अफवा आली की शेतकरी शहर लुटायला येताहेत, आणि टिलीला पुलांकडे जायचा हुकूम झाला. त्याने तो लेखी मागितला. लेखी मिळाला, तो गेला. त्यानंतर जमावाने दोन्ही भावांना ओढून मारलं आणि प्रेतांची विटंबना केली. फिर्यादी असलेल्या न्हाव्याला विल्यमने पुढे वर्षासन दिलं.

परिणाम

फळी टिकली. ऑगस्ट अखेरीस मुन्स्टरच्या बिशपला ग्रोनिंगनचा वेढा उठवावा लागला. पण डिसेंबरात नवी अडचण आली आणि ती उघडच होती : पाणी गोठलं. विल्यम फौज घेऊन दक्षिणेला शार्लरुआच्या वेढ्यावर गेलेला. २७ डिसेंबरला फ्रेंच सेनापती लुक्झेंबर्ग हजारो माणसं घेऊन वूर्डनहून बर्फावर उतरला. रोख द हेगकडे. मध्येच हवा पालटली आणि बर्फ वितळू लागलं. पुढे जाता येईना तेव्हा त्याच्या फौजेने झ्वामरडॅम आणि बोदेग्राव्हन जाळून लुटलं. परतायला एकच बांध-रस्ता होता, निऊवरब्रुखच्या मोर्च्यावरून, आणि तो मोर्चा कर्नल पें-ए-व्हँ सोडून गेलेला होता. फ्रेंच सुखरूप परतले, कर्नलला जानेवारीत देहदंड झाला.

१६७३ च्या सप्टेंबरात विल्यमने नार्डेन परत घेतलं, नोव्हेंबरात बॉन पडलं आणि फ्रेंच उट्रेख्ट सोडून गेले. त्याआधी फेब्रुवारीत या युद्धाची धग आपल्या किनाऱ्यालाही लागली होती. डच आरमार मुंबईसमोर येऊन ठाकलं, तिथला इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने बेटाची तयारी नीट ठेवली होती आणि ते हल्ला न करताच निघून गेलं. १६७४ मध्ये इंग्लंड आणि दोन्ही बिशप तह करून बाजूला झाले, फ्रान्सशी तह १६७८ मध्ये नाइमेखनला.

फळीबाहेर राहिलेल्या प्रांतांचं काय? फ्रेंचांनी त्यांच्याकडून जबर वसुली केली. सुटका झाल्यावर मात्र 'तुम्ही शरण गेलात' म्हणून त्यांना पुन्हा संघात घ्यायचं की नाही यावर वाद झाला. घेतलं, पण १६७४ च्या नव्या नियमांनी तिथले कारभारी नेमण्याचा अधिकार विल्यमकडे गेला. ज्यांना रेघेबाहेर ठेवलं, त्यांनाच वर जाब विचारला गेला. मला तरी हे पटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दे विटला दोष देताना लोक 'भूदल दुर्लक्षित ठेवलं' एवढ्यावर थांबतात. मला चूक आणखी अलीकडे दिसते, फेब्रुवारीतल्या त्या अर्ध्या नेमणुकीत. विल्यमला नेमायचंच नव्हतं तर दुसरा अनुभवी सेनापती हवा होता. नेमायचं होतं तर हात मोकळे हवे होते. एका मोहिमेपुरता, पहाऱ्याखालचा सेनापती ही तडजोड दोन्ही पक्षांना सभेत गोड लागली आणि आयसेलवर कुणाच्याच कामी आली नाही.

दुसरा मुद्दा भरपाईचा. एप्रिलपासून जूनपर्यंत दोन महिने हातात होते. तेवढ्यात जमिनींची मोजदाद करून 'बुडेल त्याला इतकं' असं जाहीर करता आलं असतं. पैसा नव्हता म्हणावं तर एक कोटी गिल्डर लुईला द्यायला सभा तयार होती. पहारे बसवून जे आठवड्यांत झालं ते कदाचित दिवसांत झालं असतं.

तिसरा मुद्दा बर्फाचा. पाण्याच्या फळीला हिवाळा आहे हे डिसेंबरात कळायची गोष्ट नव्हती, तरी मुख्य फौज त्याच महिन्यात शार्लरुआला होती. पुढे या रेघेवर पक्के किल्ले बांधले गेले. बर्फावर मात्र उपाय सापडला नाही. १७९५ च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत फ्रेंच फौजा गोठलेल्या नद्यांवरून चालत आल्या आणि प्रजासत्ताक संपलं.

बुडालेल्या शेतांपैकी काही स्खोनहोवनजवळची, डेल्फ्टच्या मारिया थिन्स या बाईंची होती. पाणी आलं तसा त्यांचा खंड थांबला. त्यांचा जावई चित्रकार योहानेस व्हर्मीर. घरात अकरा मुलं, आणि युद्धात चित्रं घेणारं कुणी उरलं नव्हतं, ना स्वतःची ना विकायला ठेवलेली दुसऱ्यांची. डिसेंबर १६७५ मध्ये तो वारला. पुढच्या महिन्यात त्याची बायको कातारिना पाववाल्याकडे गेली आणि थकलेल्या ६१७ गिल्डरांपोटी त्याच्याकडे नवऱ्याची दोन चित्रं ठेवून आली.